शाळेखालची भेग

फळ्यावर:
ज्वालामुखी सगळे सारखे नसतात.

एवढं एक वाक्य. साराबाईंनी ते सातवीच्या वर्गात लिहिलं आणि आठवडा सरायच्या आत ते वाचायला वर्गात एक पोर उरलं नाही.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता. त्याच्या पुढचा चैत्र. शेवगावच्या पूर्वेला, काळ्या मातीच्या त्या गावात शाळा सकाळची भरायची, कारण दुपारी पत्र्याखाली कुणी बसू शकत नव्हतं. पोरं शिकायला यायची असं साराबाईंनी स्वतःलाही कधी पटवलं नाही. ती सुकडीला यायची. सरकारी पोत्यातून आलेली ती गोड, कोरडी भुकटी शिपाई छगन मूठमूठ वाटायचा. शाळेतच बसून खायची, घरी न्यायची नाही, असा वरचा हुकूम. कित्येक घरांत पोरांच्या पोटात दिवसभरात तेवढंच धड पडत होतं.

साराबाई श्रीरामपूरच्या, ख्रिस्ती; दर शनिवारी गाडी धरून घरी जायच्या. शिकवायची त्यांना हौस होती, आणि ती हौसच नडली.

"खोलवर खडक वितळतो. वितळला की हलका होतो, वर चढतो, वाट सापडली की बाहेर येतो," त्या सांगत होत्या. "काही रस दाट असतो, चुलीवरच्या पिठल्यासारखा. आत वाफ कोंडते आणि पिठलं उडून हातावर येतं. तसा डोंगर फुटतो. राख आभाळात जाते, खाली बसते, वर पुन्हा रस, पुन्हा राख, असा टोकदार डोंगर तयार होतो. काही रस पातळ. गुऱ्हाळात काकवी ओतली तर ती फुटते का? पसरते. त्याचा डोंगर बसका, म्हशीच्या पाठीसारखा."

पोरं हसली. बाईंना अजून हुरूप आला.

"आणि कुठं कुठं तर डोंगरच नसतो. जमिनीला लांबच लांब भेग पडते आणि रस भेगेतून मुकाट बाहेर येतो. आपला सगळा मुलूख असाच झाला. थरावर थर. तुमच्या घरातला वरवंटा त्याच रसाचा."

पुढच्या रांगेतली मुक्ता उभी राहिली. "बाई, आन् आता बी भेगा पडल्यात की."

तेवढ्यात घंटा झाली. छगननं पातेलं बाहेर आणलं, आणि पोरं उठलीसुद्धा.

"उद्या सांगते," साराबाई म्हणाल्या.

ही आग कोट्यवधी वर्षांमागं विझली, हे उद्याच्या पाठात होतं.

घरी पोचलेलं:
आपल्या खाली आग हाय. बाई म्हनल्या.

टँकरच्या रांगेत पोचलेलं:
आधी भेग पडती. मग आपसूक वर येतं. आवाज न्हाई, काय न्हाई.

खडी फोडायच्या कामावर पोचलेलं:
शाळंखालीच हाय. पुस्तकात लिवलंय. बाईला ठावं हाय म्हनून बाई शनिवारची गाडी धरून पळती.

आणि भेग तर होतीच. पाणी नाही म्हटल्यावर काळी माती फाटते, दर उन्हाळ्यात फाटते. पण त्या साली ती अशी फाटली होती की वासराचा पाय जाईल. एक भेग बांधावरून निघून मैदानातून थेट शाळेच्या ओट्याखाली गेली होती. दुपारच्या वावटळीत तिच्यातून धूळ उठायची. लांबून बघणाऱ्याला धूर वाटावा.

दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली. मग चार. मग कुणीच नाही. छगन सुकडीवरच्या माशा हाकत बसला.

आसाराम गुरुजी शाळेचे मुख्याध्यापक. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"पुढच्या आठवड्यात विस्तार अधिकारी येणार," ते म्हणाले. "पोरं दिसली नाहीत, तर पोती दुसऱ्या शाळेला जातील. मग तुमचा ज्वालामुखी बरोबर का चूक, कोण विचारतो?"

"मी काय करू, गुरुजी?"

"सांगून टाका, ते परदेशातलं. आपल्याकडं असलं कधी झालंच नाही."

"पण झालंय."

"बाई, मीही भूगोल शिकलोय. झालंय. तुम्ही म्हणा, नाही झालं. पोरं खातील."

साराबाई रात्रभर त्या एका वाक्याची तयारी करत राहिल्या. सकाळी त्या मुक्ताच्या घरी गेल्या, कारण मुक्ताची आई मालनबाई हलली की बाकीच्या बाया हलतील, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मालनबाईनं पोतं झटकून अंथरलं. "बसा, बाई. च्या न्हाई, पानी पाव तांब्या हाय."

"नको पाणी. मालनबाई, मी वर्गात सांगितलं ना, ते सगळं लांबच्या देशातलं. इथं तसं कधी..."

मुक्ता दाराशी होती. गालांची हाडं वर आलेली. ती काही रागानं बोलली नाही, आठवण करून द्यावी तसं बोलली. "बाई, तुमीच म्हनल्या, वरवंटा त्याच रसाचा."

वरवंटा समोर भिंतीला टेकून होता. काळा, बारीक भोकांचा. ती भोकं वाफेची, हेही साराबाईंनीच सांगितलं होतं. तयार केलेलं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

"झालं होतं," त्या म्हणाल्या. "पण कोट्यवधी वर्षांमागं."

"कोटी म्हंजे? माज्या सासऱ्याच्या आज्याच्या टायमाला?"

"त्याच्या कितीतरी आधी. माणूसच नव्हता तेव्हा."

"मानूस नव्हता तर बघितलं कुनी?" मालनबाई हसली, पण हसू लगेच मावळलं. "आन् कोयनेला जमीन हालली तवा आमची मडकी वाजली. त्याच्या आदल्या दिशी कुनी सांगाया आलं न्हाई. तुमच्या धरमाच्या पुस्तकात बी शेवट आगीनं हाय म्हनं. तुमी खोटं बोलताय आसं न्हाई म्हनत मी. तुमी खरं बोलून बसला, आन् आता गुरुजी तुमाला माघारी घ्यायला लावत्यात."

मुक्ता पाव तांब्यातलं दोन घोट पाणी प्यायली आणि तिनं भांडं परत झाकून ठेवलं.

"मी हात घालते," साराबाई म्हणाल्या.

"कशात?"

"शाळेखालच्या भेगेत. खांद्यापर्यंत. तुम्ही सगळ्या या. आत आग असेल तर माझा हात भाजेल. नसेल तर पोरं वर्गात बसवायची."

"उद्या सकाळी," मालनबाई म्हणाली.

फळ्यावर, दुसऱ्या दिवशी, वाचायला कुणी नसताना लिहिलेलं:
आपल्याकडचा ज्वालामुखी आता

वाक्य तिथंच राहिलं, कारण बाया आल्या होत्या. पोरं त्यांच्या लुगड्यांना धरून मैदानाच्या कडेला थांबली. एक पाऊलही पुढं नाही. गुरुजी ओट्यावर उभे. छगन पातेलं घेऊन.

साराबाईंनी बांगड्या सरकवल्या, पदर खोचला आणि जमिनीवर पालथ्या झाल्या. पाठीमागून छगन म्हणाला, "बाई, काठी घालू का आधी? इचूकाटा आसतो."

"काठीला ऊन-गार कळत नाही," त्या म्हणाल्या.

हात आत गेला. वर माती तापलेली. कोपरापाशी कोमट. खांदा जमिनीला टेकला तेव्हा बोटांना गारवा लागला, खरोखरीचा, विहिरीच्या तळासारखा. त्यांना आनंद झाला. हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं, आणि ते खरं निघालं होतं.

मग बोटाच्या पेरात सुई गेल्यासारखं झालं.

एकदा. लगेच पुन्हा.

हात आपोआप वर येत होता. त्यांनी तो अडवला. पन्नास डोळे त्या खांद्यावर होते. हात झटक्यानं बाहेर आला असता, तर गावानं पुढचं काहीही ऐकलं नसतं. त्यांनी गाल मातीला टेकला, दात दातांवर धरले. कळ मनगटातून वर चढत होती. काळा विंचू असेल, असं त्या मनाशी म्हणाल्या. काळा मोठा असतो, दुखवतो आणि सोडून देतो. तांबडा बारका. गेल्या साली वस्तीवरची एक बाई तांबड्यानं गेली होती.

काळा का तांबडा, आत दिसत नव्हतं.

त्यांनी हात सावकाश काढला, मूठ मिटून. उठल्या. माती झाडली, डाव्या हातानं.

"गार आहे," त्या म्हणाल्या. आवाज नीट निघाला.

कुणी हललं नाही. मग मालनबाई चालत आली आणि तिनं साराबाईंचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. मूठ तिनं उघडली नाही. फक्त चाचपला, मनगट, पंजा, पुन्हा मनगट.

"गार हाय गं," ती मागं वळून म्हणाली. "बर्फावानी गार हाय. या."

मातीचा गारवा इतका वेळ टिकत नाही, हे साराबाईंना ठाऊक होतं. डावा हातही त्यांनी हळूच गालाला लावून पाहिला. तोही गार होता, आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. तांबड्याचंच लक्षण.

पोरं धावत आली, भेग ओलांडून ओट्यावर चढली, रांगेत बसली. मुक्ता पहिली.

"छगन, सुकडी वाट," साराबाई म्हणाल्या, आणि तो जवळून जाताना हळू आवाजात, "विंचू चावला. दोनदा. कुणाला बोलू नको."

छगनच्या हातातलं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. "बाई, शेवगावची येष्टी दुपारी हाय. बैलगाडी जुपतो, दवाखान्यात जाऊ. हितंच आनतो."

"इथं नको. ओढ्याच्या पलीकडं उभी कर. मी चालत येते."

"चालाया जमंल का?"

इथं, ह्या मैदानात, ह्या भेगेपाशी आपण पडलो, तर संध्याकाळच्या आत गाव म्हणेल, आगीनं बाईला ओढलं. मग पुन्हा कुणाचा हात गार आहे, हे कुणी बघायला यायचं नाही.

छगननं पातेलं गुरुजींच्या हातात दिलं आणि काही न सांगता मागच्या बाजूनं पळाला. गुरुजी बुचकळ्यात पडले, पण वाटू लागले.

"गुरुजी, मी जरा जाऊन येते," साराबाई म्हणाल्या.

"जा की. पोरं आली, आता काय." ते खुशीत होते.

त्या ओट्यावरून उतरल्या. तोंडाला पाणी सुटत होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ओढा दोन शेतं पलीकडं. मधली जमीन सगळी फाटलेली. एकेक भेग बघून, पाय उचलून, पलीकडं ठेवून त्या चालत राहिल्या. मागं बाया बोलत होत्या, एक पोर खोकलं, सुकडी घशात अडकली असेल. कुणीतरी त्याला पाठीवर थापटलं.

त्यांनी मागं पाहिलं नाही. मान वळवली तर तोल जाईल, असं वाटत होतं.