फौस्तिनोच्या उशीतला फोन

"खिशात ठेवला तर मांडीला टोचतो, छातीशी ठेवला तर वाकलो की उडी मारतो, हँडलला बांधला तर सगळ्या गावाची नजर. एवढ्याशा डबीचे केवढे नखरे!"

फौस्तिनोची ही कुरकूर मी त्याच्या पाठीतून ऐकली. कॅरिअरवर आडवं बसून नवऱ्याच्या पाठीला कान टेकवला, की शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधी बरगड्यांतून ऐकू येतात. आमच्या केलिमाने गावातल्या अर्ध्या बायका आपल्या नवऱ्यांना अशाच ओळखून असतात.

मी लगेच काही बोलले नाही, कारण पुढे खड्डा होता. त्याच्या पाठीवर डाव्या बाजूला दोन बोटं टेकवली. तो डावीकडे वळला, खड्डा मागे गेला.

"बरोबर आहे तुझं," मग मी म्हटलं.

ही बोटं टेकवायची सवय पावसाळा संपता संपता लागली. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, थांबायचं असेल तर सगळा तळवा. त्याबद्दल आमच्यात एका शब्दाचंही बोलणं झालं नव्हतं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "लुर्देस, या वयात नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतेस, नशीबवान आहेस बाई!" मी हसून घ्यायची.

फौस्तिनो बावीस वर्षं सायकलची टॅक्सी चालवतोय. मागच्या कॅरिअरवर माणूस बसवायचा आणि सांगेल तिथे सोडायचा. पूर्वी चौकात उभं राहिलं की गिऱ्हाईक मिळायचं. आता जो तो घरात बसून फोन करतो: फौस्तिनो, साडेसहाला ये, फौस्तिनो, आईला दवाखान्यात न्यायचंय. फोन बंद म्हणजे फौस्तिनो बंद.

आणि तो फोन तीनदा पडला होता.

पहिल्यांदा सदऱ्याच्या खिशातून, बाजारामागच्या गटारात. दुसऱ्यांदा विजारीच्या खिशात असताना फौस्तिनोच आडवा झाला. काच तडकली आणि त्याचं कंबरडं आठवडाभर जांभळं होतं. तिसऱ्यांदा त्यानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून फोन हँडलला घट्ट आवळला होता. त्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या नारळाच्या हातगाडीवर सायकल गेली. फोन उडाला, आणि मागे बसलेल्या झुल्मीरा बाईही उडाल्या. शाळेतल्या बाई त्या, अंगावर शिकवताना घालायचा पांढराशुभ्र कोट, आणि पडल्या ते थेट चिखलात. बिचाऱ्या हसल्या, "काही नाही, काही नाही" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या दुसऱ्याच्या कॅरिअरवर दिसल्या.

दर वेळी आमच्या अंगणात सभा भरायची. विषय एकच, फोन ठेवायचा कुठे.

"माझ्याकडे द्या," सासूबाई म्हणायच्या. "बाईच्या चोळीतून काही पडलेलं मी आजवर बघितलं नाही."

"मग आई, तुम्हालाही दिवसभर कॅरिअरवर फिरवू का?" फौस्तिनो.

"फिरव की. तेवढंच जग बघेन."

"दूध पावडरचा डबा घे," त्याचा दोस्त बोनिफासियो सांगायचा. तोही सायकलवालाच, दोघांची जोडी लग्नाआधीपासूनची. "आत कापूस भर, सीटखाली टांग." तेही करून पाहिलं. फोन सुखरूप राहिला, पण वाजलेला कळायचाच नाही.

ज्या रस्त्यावर हा माणूस बावीस वर्षं सायकल चालवतोय, त्या रस्त्यावरचं गटार त्याला अचानक कसं सापडलं, हे मात्र सभेत कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. बोनिफासियोनं विचारलं नाही, कारण त्यालाही माहीत होतं. आणि सासूबाई विषय तिकडे वळायला लागला की अंगणातल्या आंब्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मुकपाताचा भात थंड होतोय, जेवून घ्या." माझे सासरे शेवटची नऊ वर्षं त्या आंब्याखाली बसून होते. डोळे पांढरे झालेले. दिवसभर काथ्याचे दोर वळायचे. दारापासून संडासापर्यंत सासूबाईंनी त्यातलाच एक दोर बांधला होता, तो धरून जायचे. दोर अजून आहे. त्यावर आम्ही कपडे वाळत घालतो.

म्हणून आम्ही फोनबद्दल बोलायचो.

शेवटी अक्कल मी लढवली. कॅरिअरवर गिऱ्हाइकासाठी उशी असते ना, काथ्या भरलेली, वरून रेक्झिनची खोळ. तिला मी खालच्या अंगानं एक कप्पा शिवला, फडक्यांचा मऊ थर दिला आणि आत फोन. वर माणूस बसलेला, म्हणजे उडायची भीती नाही. चोर हात घालणार कुठे? आणि वाजला तर फौस्तिनोच्या आधी गिऱ्हाइकाला कळणार! पहिल्याच दिवशी भाजीवाली अशी किंचाळली की तिच्या डोक्यावरची टोपली पडली. मग सगळ्या वस्तीत झालं, फौस्तिनोच्या सीटखाली कोंबडी अंडं घालते. फौस्तिनोही हसायचा. महिनाभर फोनला नवा ओरखडा नाही. मी मनाशी म्हटलं, सुटलो.

(आत्ताही मी उशीच शिवतेय, नवी. सुईत दोरा फौस्तिनोनं ओवून दिलाय. ते मागाहून घडलेलं, पण सांगून टाकलेलं बरं.)

त्याच महिन्यात एक निरोप आला. संध्याकाळी फौस्तिनोनं फोन हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला आणि माझ्याकडे दिला. "ऊन फार आहे. वाच जरा."

ऊन केव्हाच घरामागे गेलं होतं. मी वाचलं. निरोप डोना ग्रासांचा होता. मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत, दहा वर्षं फौस्तिनोच्याच सायकलवरून जातात. लिहिलं होतं: 'फौस्तिनो, महिनाअखेरच्या सोमवारी बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर येताहेत. मोतीबिंदू काढून देतात. तुझं नाव लावते. नक्की ये.'

म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

हे मोठ्यानं वाचायचं म्हणजे ते बोलायचं. आंब्याखाली सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"जाहिरात आहे," मी म्हटलं. "कुणीतरी फोन विकतंय."

"अजून एक?" फौस्तिनो म्हणाला. "आहे तोच सांभाळता येत नाही."

त्यानंतर रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगेन. आणि रोज तो सायकल काढायचा, मी म्हणायची, "जपून," तो म्हणायचा, "उशीत आहे."

मग तो गुरुवार. सकाळचे दहा वाजले असतील. फौस्तिनो चेन साफ करायला घरी आला होता. तेवढ्यात रस्त्यावरून बोनिफासियो ओरडत आला. "वहिनी! उशी! उशी द्या!" त्याच्या मागे कॅरिअरवर पलीकडच्या गल्लीतली रोझालिया, दिवस भरलेली, दोन्ही हातांनी त्याचा सदरा मुठीत धरून कण्हत होती.

आमच्याकडे रीत आहे. कॅरिअरवर बाळंतपणाला निघालेली बाई दिसली की सायकलवाल्यानं आपली उशी काढून द्यायची. उशीवर उशी, म्हणजे तिला धक्के कमी लागतात. कशाला, किती वेळ, असं विचारायचं नसतं. फौस्तिनोचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून मीच धावले, पट्ट्या सोडल्या, उशी रोझालियाखाली सरकवली आणि तिच्या गालाला हात लावून म्हटलं, "जा, सुखरूप ये."

गेले ते.

मी हात धुतले. सासूबाई म्हणाल्या, "आज कोंबडी ओरडली नाही बराच वेळ."

फौस्तिनोनं चेन सोडली.

"लुर्देस, फोन?"

"उशीत."

"आणि उशी?"

"तुझ्या डोळ्यांदेखत तर—" मी म्हणाले, आणि जीभ चावली.

मला धास्ती फोनची कमी आणि रोझालियाची जास्त. त्या अवघडलेल्या बाईखाली फोन वाजला आणि ती उडाली तर? उडून पडली तर?

"बस मागे," फौस्तिनो म्हणाला.

उशीशिवायचं कॅरिअर काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. तीन लोखंडी सळ्या आणि माझं वय. फौस्तिनो असा सुटला की मला बोटं टेकवायला उसंत मिळेना. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पुन्हा डावीकडे. चर्चपुढचा पाण्यानं भरलेला खड्डा गेला, सुकट वाळत घातलेली ताडपत्री गेली. नदीकडच्या वळणावर गटाराची झाकणं काढून ठेवली होती, कालपर्यंत होती ती. आणि त्या उघड्या गटाराच्या काठावर एक बाई पाठीला तान्हं बांधून, पाठमोरी उभी राहून आंबे निवडत होती. फौस्तिनो सरळ तिच्याकडे निघाला होता.

बोटं नाहीत, तळवा नाही. मी गळा फाडून ओरडले. "थांब! फौस्तिनो, थांब!"

त्यानं दोन्ही पाय जमिनीला घासले. चाक थांबलं तेव्हा त्या तान्ह्याच्या पायापासून एक वीत लांब होतं. बाईनं वळून पाहिलं, तिला काही कळलंच नाही. म्हणाली, "आंबे हवेत का?"

"नको," मी म्हटलं.

फौस्तिनोची पाठ भिजली होती. कान टेकवायची गरज नव्हती, त्याचं काळीज मला तसंच ऐकू येत होतं.

"दिसली होती मला," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

पुढचा रस्ता आम्ही चालत गेलो, सायकल हातात धरून. दोघंही म्हणालो की सळ्या फार टोचतात.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बोनिफासियो दोन उशा मांडीवर घेऊन बसला होता आणि एकटाच हसत होता. आम्हाला पाहून उठला.

"वहिनी, कुणाचा जीव घ्यायचा होता का? चर्चपाशी वाजला की! रोझालिया अशी उडाली, मला वाटलं सगळं संपलं. ती ओरडतेय, 'बोनिफासियोदादा, बाळ वाजतंय!' मी म्हटलं, बाई, बाळ नाही, फौस्तिनोची कोंबडी आहे. मग जी हसत सुटली, दारापर्यंत हसत होती. आत गेली आणि घटकाभरात मुलगी! दोघी छान आहेत."

मी भिंतीला टेकले. मुलगी झाली, रोझालिया बरी आहे, वाटेतलं ते तान्हंही पाठीवर झोपलेलंच राहिलं. उशी उलटी करून कप्प्यात हात घातला. फोन ऊबदार होता. काचेवर जुनाच तडा, नवा नाही. अख्खी बाळंतीण वर बसून आली आणि ओरखडा नाही!

"बघ," मी फौस्तिनोला म्हटलं, "मी सांगितलं नव्हतं? उशीसारखी जागा नाही."

"नाही," तो म्हणाला. हसला, पण अर्धाच.

तेवढ्यात डोना ग्रासा बाहेर आल्या, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. "अरे, फौस्तिनो! बरं झालं भेटलास. सोमवार चार दिवसांवर आला. तुझं नाव मी लावलंय. निरोप वाचलास ना?"

"कसला निरोप?"

"फोनवर पाठवला नव्हता का?" त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, बोटानं पडदा दोनदा वर सरकवला आणि त्याच्यासमोर धरला. "हा बघ. वाच."

फौस्तिनोनं फोन घेतला. हात लांब केला, जवळ आणला, जरा तिरका धरला.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

व्हरांड्यात सावलीच होती, वर पत्रा, समोर भिंत. बोनिफासियोनं घसा खाकरला. "काचेचंच काहीतरी झालं असेल. बाळंतीण बसली म्हणजे काय..." मी उशीची शिवण बोटानं चाचपायला लागले, जणू तिथे काही उसवलं होतं.

फौस्तिनोनं मान माझ्याकडे वळवली. बरोबर माझ्याकडे नाही, थोडी उजवीकडे.

"लुर्देस, जाहिरात आहे म्हणाली होतीस."

"हो."

"जाहिरात नव्हती."

"नव्हती रे."

त्यानं चाचपडत माझा हात शोधला, त्यात फोन ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली. चढावर सगळं ओझं उतरवून उभा राहिलेला माणूस सोडतो तसा लांब श्वास त्यानं सोडला.

"फोन नव्हता पडत, डोना ग्रासा," तो म्हणाला. "मी पडत होतो. मला दिसत नाही."