दुसऱ्या खुर्चीवरची क्लॅरिनेट

मी क्लॅरिनेट बोलतेय. काळ्या लाकडाची, चंदेरी चाव्यांची, तुमच्या हाताएवढी लांब. लांबून पाहिलंत तर मला सनईची बहीण समजाल. समजा बापडे. नातं आहेच, पण लांबचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं लाकूड कित्येक वर्षं फळीवर नुसतं वाळत पडलं होतं. मग एका कारागिरानं मला कातलं, दुसऱ्यानं भोकं पाडली, तिसऱ्यानं चाव्या बसवल्या. शेवटी एक बाई आल्या. नव्या वाद्यात पहिली फुंकर घालायची, हेच त्यांचं काम. माझ्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, बांधून त्यांनी फुंकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज माझ्या कानी पडला! मी हरखून गेले. वाटलं, आता सगळे हातातली कामं टाकून धावत येणार. बाई म्हणाल्या, "ठीक. पुढची आणा."

मग दुकानाची काच, आणि काचेतून दिसणारी माणसं. एक दिवस दातांच्या एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे धरून आत असं निरखलं, की मला वाटलं आता कीड काढणार. कॉलेजात असताना त्या क्लॅरिनेट शिकल्या होत्या. पुढे पदवी, लग्न, लेक आणि दवाखाना यांत वाजवणं मागे पडलं होतं. आता लेक मोठी झाली होती, आणि बाईंच्या बोटांना जुनी आठवण यायला लागली होती.

मी दवाखान्यात राहायला गेले. दुपारच्या सुट्टीत बाई मला बाहेर काढत. कधी कधी एखादा पेशंट दाढ बधिर व्हायची वाट बघत खुर्चीत पडलेला असे. बाई वाजवत आणि विचारत, "कसं वाटलं?" तो मान हलवी. तोंडात कापूस कोंबलेला माणूस वाईट तरी कसं बोलणार?

घरी तर कौतुकाला तोटाच नव्हता. पाहुणे जमले की बाईंचे यजमान स्वतः माझी पेटी घेऊन येत. नणंदबाई दर वेळी म्हणत, "वहिनी, तुम्ही चुकून दातांत शिरलात हो! तुमची जागा स्टेजवर आहे." बाई "चला, काहीतरीच काय!" म्हणत, पण पुढच्या वेळी आणखी वेगात वाजवत. वेग हा त्यांचा आवडता दागिना. संथ जागा आली की त्यांना करमत नसे. सुरांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की त्या तिथे एक गिरकी मारून देत. टाळ्या पडत. मलाही ते आवडत असे, खोटं कशाला बोलू?

मग मास्तर आले. मास्तर म्हणजे शहरातल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. ते आले होते अक्कलदाढ काढायला. भूल चढेपर्यंत बाईंनी त्यांना माझ्यावर एक तुकडा ऐकवला. मास्तर बधिर जबड्यातून काहीतरी बोलले. बाईंना ऐकू आलं, "अप्रतिम!" मला ऐकू आलं, "अडचणीत आहोत." भूल उतरल्यावर उलगडा झाला. नवं संगीत नाटक बसत होतं आणि त्यांची दुसरी क्लॅरिनेट वाजवणारी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. "वाजवाल का काही महिने?" मास्तरांनी विचारलं. बाईंनी लगेच होकार दिला. घरी मात्र त्यांनी सांगितलं ते असं, "मला बोलावणं आलंय."

वाजवायच्या सुरांचा कागद घरी आला तेव्हा बाईंचा चेहरा पडला. पहिल्या क्लॅरिनेटला सगळे गोड तुकडे, आणि दुसरीला? थांबा, थांबा, एक लांब खालचा सूर, पुन्हा थांबा. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे तर माझे पेशंटसुद्धा वाजवतील, तोंडात कापूस ठेवून!"

तालमीची खोली नाट्यगृहाच्या मागे होती, लांबट, गुंडाळलेल्या जुन्या पडद्यांच्या वासाची. मला फार उत्सुकता होती. इतके कसलेले वादक एकत्र जमले की काय बोलत असतील? तर एकजण गुडघ्याबद्दल बोलत होता, एक मुलाच्या परीक्षेबद्दल, आणि चेलो, म्हणजे भलंमोठं व्हायोलिन, वाजवणारी बिस्किटं खात होती. संगीताचं नाव कुणी काढेना. बाईंनी मला जोडलं आणि हात मोकळा करायच्या निमित्तानं आपला सगळ्यात वेगवान तुकडा वाजवला. कुणी मान वर केली नाही. शेजारच्या व्हायोलिनवाल्यानं खुर्ची तेवढी थोडी पलीकडे सरकवली.

आमच्या डाव्या हाताला पहिली क्लॅरिनेट होती. तिचे मालक म्हणजे एक चकचकीत शर्टातले गृहस्थ. त्यांना सगळे 'फुंकर' म्हणत. त्यांच्या क्लॅरिनेटची एक चावी चक्क रबरबँडनं बांधलेली होती. मला मनातून हसू आलं. मग त्यांनी एकच सूर लावला. तो कधी सुरू झाला तेच मला कळलं नाही. आधी नव्हता आणि मग होता, एवढंच. माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

नाटकाचा जीव होता एका गाण्यात. घर सोडून जाणारी बाई शेवटच्या वेळी कपड्यांच्या घड्या घालते, तेव्हाचं गाणं. ते गाणाऱ्या माई शाल पांघरून खुर्चीवर बसल्या होत्या. किरकोळ बांधा, आवाज मात्र खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचणारा. पहिली ओळ झाली. मध्ये मोकळी जागा आली. बाईंनी तिथे गिरकी मारली.

माई थांबल्या. सगळी खोली थांबली.

"कोण होतं ते?" माईंनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "जागा रिकामी होती, म्हणून जरा भरली."

"रिकामी नव्हती, बाळ. तिथे मी श्वास घेते."

कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. पुन्हा सुरू केलं, तर बाई उशिरा शिरल्या. तिसऱ्यांदा वेळेवर शिरल्या, पण इतक्या जोरात की माईंचे शब्द बुडाले. माझ्या अंगातून बाईंच्या घाबऱ्याघुबऱ्या फुंकरी जात होत्या, गरम आणि तुटक.

मास्तरांनी हात खाली घेतला. "डॉक्टरबाई, कवळी तोंडात नीट बसत नसेल तर तुम्ही काय करता?"

"घासते थोडी."

"मग घासा. पुढच्या तालमीत जमलं नाही, तर दुसऱ्या क्लॅरिनेटचं काम मी व्हायोलिनच्या थोरल्या भावाला, व्हायोलाला, देईन. राग मानू नका, नाटक उभं राहायला हवं."

त्या दिवशी बाईंनी माझ्या अंगातून कापड इतक्या जोरात ओढलं की मी कळवळले. वाजवून झालं की ओल पुसायची असते, पण ती अशी नाही. जेवताना त्या यजमानांना म्हणाल्या, "त्यांना बाहेरचं माणूस नकोच असतं. त्यांचा आपापला कंपू आहे!"

"मग सोडून दे," यजमान म्हणाले. "तुला काय कमी आहे?"

लेक ताटावरून मान वर करून म्हणाली, "आई, त्या माईंचं गाणं कसं आहे गं? म्हणून दाखव ना."

बाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. चाल त्यांना येत नव्हती. अख्खी संध्याकाळ त्या गाण्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. आपला सूर, आपली गिरकी, मास्तरांचा चेहरा, एवढंच त्यांच्या ध्यानात होतं.

"नाही येत," त्या हळूच म्हणाल्या. "माझं लक्षच नव्हतं."

पुढच्या तालमीला बाई सगळ्यांच्या आधी पोचल्या, असं त्यांना वाटलं. फुंकर आधीच येऊन बसले होते आणि तोच एक सूर लावत होते. बाई ऐकत दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं वाजवून अजून रोज एकच सूर?"

"रोज कुठला एकच? मेला रोज नवा असतो," फुंकर म्हणाले. "कधी सर्दी झालेली असते, कधी घरी वाजलेलं असतं. शोधावाच लागतो."

"मागच्या वेळी तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत."

"बोलणार कधी? तुम्ही वाजवत होता की."

बाई लाल झाल्या. पण निघून गेल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मला हे जमत नाहीये. कसं करायचं ते सांगाल?"

दवाखान्यात त्यांनी पेशंटना शेकडो वेळा 'घाबरू नका' म्हटलेलं मी ऐकलं होतं. 'मला जमत नाहीये' हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले.

फुंकर खूश झाले. शिकवायला मिळालं की ते फुलत. "माईंच्या शालीकडे बघा. शाल वर उचलली गेली की समजायचं, श्वास आला. कागदावर ते लिहिलेलं नसतं. आणि आपले खालचे लांब सूर आहेत ना, तिथे आपण दोघं मिळून एकच माणूस. मी श्वास घेईन तेव्हा तुम्ही घ्यायचा नाही, तुम्ही घ्याल तेव्हा मी नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की या माणसाला श्वासच लागत नाही." मग कॉलर ताठ करून त्यांनी विचारलं, "शर्ट कसाय? नवा आहे."

"छान आहे," बाई म्हणाल्या.

"रंग जरा भडक नाही ना?"

"आहे."

"हां, आता तुम्ही खरं बोलायला लागलात!"

त्या दिवशी बाईंनी मास्तरांकडे एक परवानगी मागितली. पहिल्या फेरीत त्या वाजवणार नव्हत्या, फक्त ऐकणार होत्या. मास्तरांनी भुवई उंचावली, पण हो म्हणाले. मी बाईंच्या मांडीवर आडवी होते. माई गायला लागल्या आणि मला एक गंमत जाणवली. माईंची शाल उचलली गेली की बाईंचं पोटही आत-बाहेर व्हायचं. आधी थोडं मागून, मग बरोबर. दुसऱ्या फेरीत आम्ही वाजवलं. खालचा सूर, हळू, माईंच्या शब्दांच्या खाली सतरंजीसारखा अंथरलेला. मास्तर काही बोलले नाहीत.

"जमलं का हो?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"ते गप्प आहेत ना? मग जमलं," फुंकर म्हणाले. "मास्तरांनी कौतुक केलं तर काळजी करायची."

पहिल्या प्रयोगाला बाईंचे यजमान, लेक आणि नणंदबाई पुढच्या रांगेत होते. आम्ही रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, वरून प्रेक्षकांना आमची डोकीसुद्धा दिसत नव्हती. गाणं सुरू झालं. माई शेवटच्या कपड्याची घडी घालत होत्या आणि ओळीच्या मध्येच त्यांचा आवाज अडकला. खोकला येत होता. त्यांनी कपडा तोंडाशी धरला आणि प्रेक्षकांकडे पाठ केली.

मास्तरांचा उघडा तळवा आमच्याकडे वळला. म्हणजे, सूर धरून ठेवा.

बाकीची सगळी वाद्यं गप्प झाली. उरला तो आमचा खालचा सूर. फुंकर आणि बाई. फुंकरांचा श्वास संपत आला की बाईंचा भरलेला असे, बाईंचा संपत आला की फुंकरांचा. बाईंचे ओठ थरथरत होते, त्यांचे दात माझ्या तोंडावर घट्ट रुतले होते. एकही गिरकी नाही, चढउतार नाही. मला वाटत होतं आता तुटणार, आता तुटणार. प्रेक्षकांना वाटत होतं, घर सोडणारी बाई रडतेय. वरून कुणाच्या तरी नाक ओढण्याचा आवाज आला.

मग माईंचे खांदे वर गेले. आणि त्या नेमक्या आमच्या सुरावर पाय ठेवून पुढच्या ओळीत शिरल्या.

प्रयोग संपल्यावर माई खड्ड्याच्या कठड्याशी आल्या. "माझा खोकला ऐकू गेला का रे कुणाला?"

"नाही," फुंकर आणि बाई एकदमच म्हणाले.

"मग झालं तर. चहा मिळेल का कुठे?"

बाहेर नणंदबाई जरा हिरमुसल्या होत्या. "वहिनी, तुमचं काही ऐकूच आलं नाही हो! माइक बंद होता का?"

आणि आमच्या बाई हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नणंदबाई गोंधळल्या, यजमान गोंधळले. लेक मात्र आईचा हात धरून उभी होती आणि माईंचं गाणं गुणगुणत होती.

काही महिन्यांनी त्या खुर्चीची खरी मालकीण बाळाला घेऊन परत आली. बाईंनी खुर्ची पुसून दिली, कुठे माईंची शाल उचलली जाते ते सांगितलं, आणि जाताना बाळाचे दात कधी येतील याचा अंदाजही देऊन टाकला. आता कुणी आजारी पडलं तर मास्तर फोन करतात. एरवी बाई तालमीला जाऊन मागच्या बाकावर नुसत्या बसतात. मला सोबत नेतात, पण बहुतेक वेळा पेटी उघडतही नाहीत.

माझ्या चाव्यांची चकाकी गेलीय. वरच्या बाजूला एक बारीक तडा गेला होता, तो बुजवून घेतलाय. दुपारी दवाखान्यात आम्ही एक लांब सूर लावतो आणि तो बरा लागेपर्यंत पुढे जात नाही. बाहेर बसणारी मदतनीस परवा दार लोटून घेत म्हणाली, "बाई, पूर्वी ते कसलं छान छान वाजवायचात, ते आता का नाही वाजवत?"

मलाही अधूनमधून त्या गिरक्यांची आठवण येते. म्हणून एक विचारते. इतके दिवस माणसांच्या तोंडाशी राहून मी त्यांचा राग ओळखायला शिकले, भीती ओळखायला शिकले. पण आपला आवाज कुणालाच ऐकू आला नाही म्हणून एक बाई इतकी आनंदली, तो आनंद कुठल्या जातीचा होता? तुम्ही माणसं आहात, तुम्हाला ठाऊक असेल. सांगा, पण जरा लवकर. बाई रीड ओठांत धरून भिजवताहेत, आणि एकदा त्यांचा श्वास माझ्या आत शिरला की मला दुसरं काही ऐकू येत नाही.