अनुभव: काही नाही

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोळंबीची कंपनी आहे, तिथे मी अकरा वर्षं पिशव्या सील करते. आणि या अकरा वर्षांत बारा वेळा नवीन लागलेय! ठेकेदार बदलला की पंधरा दिवस घरी बसा. मग नवा पास, नवा नंबर आणि पहिल्या दिवशी नव्यांच्या वर्गात बसून हात कसे धुवायचे ते शिका. शिकवणार कोण, तर दिपाली. तिला हात धुवायला मीच शिकवलेलं. कप्पाळ माझं!

यंदा नवा कायदा आला. म्हणे प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र. मी हरखले. घरी माझ्या लेकीला, मैत्रीला म्हटलं, वाच मोठ्यानं. तिनं वाचलं, "जयमाला. हजर तारीख एक डिसेंबर. अनुभव, काही नाही."

डोकंच फिरलं माझं. त्याच आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली होती: सीलिंग सुपरवायझर, एक जागा, पर्मनंट, पाच वर्षांचा अनुभव, अर्ज शुक्रवारपर्यंत. ती जागा मिळाली तर दर वर्षी नवीन होणं कायमचं सुटणार होतं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसातल्या हितेशला गाठलं. कामगारांचे कागद तोच बघतो.

"ताई, सिस्टीममध्ये तुमची तारीख एक डिसेंबरच हाय."

"अरे, तू लागलास तेव्हा तुला कॅन्टीन कोणी दाखवलं?"

"तुम्हीच."

"मग?"

"पण ते सिस्टीममध्ये न्हाय ना."

जळो मेली ती सिस्टीम! मी पाय आपटत खाली आले.

अकराच्या सुमाराला मशीन अडकलं. प्लास्टिकचा रोल तिरका झाला, पिशव्या चिकटल्या, मागे कोळंबीचा ढीग साचला, बर्फाचं पाणी व्हायला लागलं. नव्या पोरी एकमेकींची तोंडं बघत होत्या. हितेश धावत आला.

"ताई, बघा ना जरा!"

मी हाताची घडी घातली. "मला कसं येणार? मी एक डिसेंबरला लागलेय."

"थट्टा नका करू, माल वाया जाईल."

"मग लिही. जयमाला इथं अकरा वर्षं काम करते. सही कर, शिक्का मार."

त्यानं बिचाऱ्यानं खोक्यावर कागद ठेवून लिहिलं. मी दोनदा वाचलं, मग रोल सरळ केला, चिकटलेलं प्लास्टिक खरवडलं, मशीन चालू. पाच मिनिटांचं काम!

जेवणाच्या सुट्टीत अर्ज घेऊन वर गेले. अर्ज घेणाऱ्या सोनलनं हितेशची सही बघितली आणि कागद परत सरकवला.

"ही चालणार न्हाय, मावशी. हितेश पण ठेक्यावरच हाय. महिनाअखेर त्याचा ठेका संपतो."

"मग तू कर सही."

"मी? मला लागून दोन महिने झाले."

"अगं, मग या कंपनीत पर्मनंट हाय तरी कोण?"

"मोठे साहेब. पण ते खाली येत न्हाईत, आणि वर कोणाला घेत न्हाईत."

मला रडू यावं की हसू, तेच कळेना. जिना उतरले, सरळ मशीनपाशी गेले आणि लाल बटण दाबलं.

हितेश पुन्हा धावत आला. "ताई, आता काय बिघडलं?"

"काही न्हाय बिघडलं. मोठ्या साहेबांना सांग, अकरा वर्षांवर एक सही करायची हाय. तोवर मी नवीन हाय, मला काही येत न्हाय."

क्रेट पालथा घातला आणि बसले. शेजारी बाकीच्या बायकांनी आपापले क्रेट पालथे घातले.