बाहीला आय अप्रिशिएट इट

"ज्यानं हा कागद काढलाय, तो एकदाही तळघरात उतरलेला नाही," धुलाईघरातली वहिनी उभी राहून म्हणाली. "तिथं पाहुणा फिरकत नाही. आम्ही थँक यू म्हणायचं कुणाला, बॉयलरला?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. प्रशिक्षणवाल्या साहेबांनी यादीवरून नजरही उचलली नाही. त्यांनी पुढच्याला बोलावलं. मामांना.

त्या कागदावर हॉटेलचा नवा नियम होता. आभार मानायची सात इंग्रजी वाक्यं तोंडपाठ हवीत; नापास होईल तो पहिल्या तारखेपासून घरी. मामांनी एकतीस वर्षं इस्त्री धरली होती, निवृत्तीला दोन उरली होती. वाक्यं काही जिभेवर बसेनात. सात तऱ्हेनं आभार मानायचे तर निदान सात वेळा काही मिळायला हवं, असं ते म्हणायचे. शेवटी वहिनीनंच तोड काढली. शर्टाला ज्या क्रमानं इस्त्री करायची, त्याच क्रमानं वाक्यं लावून दिली. कॉलरला थँक यू, खांद्याला थँक्स अ लॉट, कफला मेनी थँक्स, बाहीला आय अप्रिशिएट इट. पाठीपर्यंत येता येता सातही होत. काल तर मामांनी एका दमात वीस शर्ट आणि सगळी वाक्यं संपवली होती.

पण इथं समोर नुसतं टेबल होतं.

मामांनी उजवी मूठ टेबलावर टेकवली. पुढे सरकवली, मागे आणली.

"थँक यू," ते म्हणाले, आणि हात तिथंच थांबला.

"पुढे?"

मामा मान खाली घालून टेबलावर नसलेली सुरकुती चाचपत राहिले. साहेबांनी यादीवर फुली मारली. वहिनीनं मघाशीच सातही वाक्यं धडाधड म्हणून दाखवली होती. साहेबांनी तिच्यापुढे प्रमाणपत्र धरलं. द्यायच्या आधी मात्र थांबले.

"आता काय म्हणायचं असतं?" त्यांनी लहान पोराला विचारावं तसं विचारलं.

वहिनीनं हात पुढे केला नाही. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

"अंगावरचा शर्ट मामांनी इस्त्री केलाय," ती म्हणाली. "रोजचा तेच करतात. शिपाई खाली टाकून जातो आणि वर घेऊन येतो."

साहेबांची बोटं कॉलरपर्यंत गेली.

"मामा इथंच उभे आहेत, साहेब. सातातलं कुठलं म्हणताय?"