नकाशातला रस्ता

आमच्या कॉलेजात लष्करातले पस्तिशी-चाळिशीतले अधिकारी शिकायला येतात. बारा-पंधरा वर्षं नोकरी झालेली असते, केस मागे सरकू लागलेले असतात आणि पुढच्या बढतीसाठी इथला शिक्का हवा असतो. मी इथली ग्रंथपाल. बावीस वर्षांत बावीस तुकड्या पाहिल्या. मनापासून पुस्तक मागणारे एका तुकडीत दोन, फार तर तीन. बाकीचे पहिल्याच आठवड्यात काउंटरवर कोपर टेकून, आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, मागच्या वर्षीची उत्तरं कुणाकडे मिळतील?" आणि हे शत्रूला चकवणार म्हणे!

त्यांचा सगळ्यात मोठा पेपर म्हणजे टेकडीचा. कॉलेजपासून बारा किलोमीटरवर एक टेकडी आहे. ती शत्रूच्या हातात आहे असं समजायचं आणि ती कशी घ्यायची ते लिहायचं. गेली अकरा वर्षं बरोबर उत्तर एकच होतं: गाड्या पूर्वेच्या कच्च्या रस्त्याने न्यायच्या. हे उत्तर ज्यांनी ठरवलं ते कर्नलसाहेब अजून तोच विषय शिकवत होते. शिकवत म्हणजे काय, अकरा वर्षं तेच बोलत होते. विनोदसुद्धा त्याच जागी, आणि तुकडी हसायचीही त्याच जागी.

त्या वर्षी एक मेजर आला. सर्वेक्षणात नोकरी काढलेला, उंच, जरा वाकलेला. मुलं, म्हणजे ही चाळिशीची मुलं, त्याला फूटपट्टी म्हणायची. पेपरच्या आधीच्या रविवारी फूटपट्टी सायकल काढून टेकडीकडे गेला. सोमवारी सकाळी माझ्याकडे आला तो बुटांना पांढरी धूळ लावूनच.

"मॅडम, या भागाचा नवा नकाशा आहे का?"

"हाच आहे. का हो?"

"पूर्वेचा रस्ता नाहीये. तिथे दगडाची खाण झालीय. झाडीच्या मागे रस्ता एकदम तुटतो. खाली वीस फूट तरी असेल."

मला वाटलं, शाबासकी मिळेल याला. बावीस वर्षं इथे काढूनही मी इतकी भाबडी होते.

त्याने पेपरात तेच लिहिलं. रस्ता नाही, सबब उत्तरेकडून पायी जावं, सोबत हाताने काढलेलं खाणीचं माप. कर्नलसाहेबांनी शून्य दिलं आणि लाल शाईने शेरा मारला: "परीक्षार्थीने नकाशाबाहेर जाऊ नये." नापास उत्तरपत्रिका वर्षभर जपायचा नियम आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. मी तारखेचा शिक्का मारून कपाटात ठेवली.

पुढच्या महिन्यात वरून कळवण्यात आलं की एक मोठे साहेब भेटीला येणार आहेत आणि त्यांना टेकडीचा सराव खऱ्या गाड्यांनिशी पाहायचा आहे. आतापर्यंत सगळे जण लांबच्या उंचवट्यावर उभे राहून दुर्बिणीतून टेकडी बघायचे आणि चहा पिऊन परत यायचे. कॉलेजात एकच धांदल उडाली. कसली? तर मांडवाची, खुर्च्यांची, साहेबांच्या टेबलावर कुठली फुलं ठेवायची त्याची. रस्ता बघून यायला कुणाला सवड झाली नाही. कर्नलसाहेब म्हणाले, "टेकडी मला तोंडपाठ आहे."

सहा ट्रक निघाले. पहिल्या ट्रकवर मामा. हा आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला. सगळं कॉलेज त्याला मामाच म्हणायचं. त्याच्या शेजारी मांडीवर नकाशा घेऊन तुकडीतला पहिला नंबर बसला होता. सुवर्णपदक याचंच, हे पहिल्या महिन्यापासून ठरलेलं. कर्नलसाहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचं कसब त्याच्याइतकं कुणाकडे नव्हतं.

झाडीपाशी मामाने ब्रेक मारला. "साहेब, पुढे रस्ता दिसत नाही."

"नकाशात आहे. चल."

"मी उतरून बघून येतो."

"मोठे साहेब दुर्बिणीतून बघतायत. चल म्हणतो ना!"

मामाने ट्रक पुढे घेतला. पुढची चाकं हवेत गेली तसा पहिल्या नंबराने दार उघडून बाहेर उडी टाकली. कोपर खरचटलं. मामा ट्रकसकट खाली गेला. त्याला पत्रा कापून बाहेर काढायला दोन तास लागले. डावा पाय तीन जागी मोडला होता.

दुसऱ्या दिवशी निवेदन तयार झालं: ड्रायव्हर वेगात होता, थांब म्हटलं तरी थांबला नाही. खाली पहिल्या नंबराची सही. त्याच्याखाली मागच्या गाड्यांतल्या आठ अधिकाऱ्यांच्या सह्या. त्या आठांपैकी ट्रकमध्ये काय बोलणं झालं ते ऐकू येण्याइतकं जवळ कुणीही नव्हतं. पण सही करायला सगळ्यांनी पेन स्वतःचंच आणलं होतं. फूटपट्टीने सही केली नाही.

चौकशीसाठी बाहेरून तीन अधिकारी आले. आदल्या दुपारी कर्नलसाहेब स्वतः ग्रंथालयात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. कुठल्या कपाटात काय आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"मॅडम, ती एक नापास उत्तरपत्रिका आहे. ती द्या बरं माझ्याकडे."

मी रजिस्टर पुढे सरकवलं. "सही करा साहेब, देते."

त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं. सही केली की कागद त्यांनी नेला हे कायमचं लिहिलं जाणार. "सही कशाला? आपल्यातच आहे ना. सापडत नाही म्हणून सांगा."

बावीस वर्षांत मी कुठल्याच साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. "सापडलीय साहेब," मी म्हणाले. "वरच आहे."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू खुर्चीच बोलली. मग निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टीची साक्ष झाली आणि चौकशीवाल्यांनी कागद मागवला. मी तो स्वतः नेऊन दिला. तिघांपैकी सर्वांत थोरल्याने खाणीचं माप पाहिलं, शिक्क्यावरची तारीख पाहिली, लाल शेरा दोनदा वाचला. मग मामाला बोलावलं. तो चाकाच्या खुर्चीत आला आणि काय घडलं ते सांगून गेला. न रडता, आवाज न चढवता.

मामा सुटला. निवृत्तिवेतन शाबूत, उपचार पूर्ण. पाय मात्र दोन इंचांनी आखूड राहिला. आणि दोषी कोण ठरलं? नकाशा. अहवालात लिहिलं होतं: "अपघात कालबाह्य नकाशामुळे घडला." पहिल्या नंबराला पदक मिळालं. ते घेताना कोपराला पांढरीशुभ्र पट्टी होती, दोन महिने झाले तरी. कर्नलसाहेबांना बढती मिळाली आणि ते नव्या कार्यालयात गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी तोच विनोद केला. टाळ्याही पडल्या.

फूटपट्टीची नेमणूक दूरच्या एका कोठारावर झाली, तंबू आणि ताडपत्र्या मोजायला. जायच्या दिवशी तो पुस्तकं परत करायला आला. बाहेर जीपमध्ये बायको बसली होती, मांडीवर इस्त्री, पायाशी बादली.

मी म्हटलं, "मेजरसाहेब, या सगळ्या ढिगात तुम्ही एकटे माणूस निघालात."

त्याने मान हलवली. "मी पाचव्या ट्रकमध्ये होतो, मॅडम."

"मग?"

"आदल्या दिवशी कर्नलसाहेबांना परत सांगितलं होतं. ते म्हणाले, शून्यावर पोट भरलं नाही का? सगळे हसले. म्हणून त्या सकाळी पुढच्या गाडीला सावध करायला मी वायरलेसला हातच लावला नाही. वाटलं, जाऊ दे, तोंडावर आपटू दे एकदा. मामा पुढे आहे हे डोक्यातच आलं नाही. चौकशीत हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

बाहेर बायकोने हॉर्न वाजवला. त्याने काउंटरवर चारही पुस्तकं एकावर एक नीट रचली, टोपी घातली आणि गेला.