झोप झाली का?

आमच्या बाबांनी आयुष्यात एकही रिपोर्ट लिहिला नाही. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणांच्या खात्याचे ते सव्वीस वर्षं फोरमन होते. एकोणीस प्रेस, चाळीस माणसं आणि सकाळी सातचा भोंगा. भोंग्याआधी पंधरा मिनिटं ते रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे आणि प्रत्येकाला एकच विचारायचे, "झोप झाली का?" प्रत्येक जण म्हणायचा, "झाली." मग मध्येच कुणाला तरी बाबा सांगायचे, तू आज पॅकिंगला बस. कारण ते सांगायचे नाहीत आणि कुणी विचारायचंही नाही.

"नाही झाली" असं त्या खात्यात सव्वीस वर्षांत एकदाही कुणी म्हटलेलं नाही. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण नंतर मी एकेकाला धरून विचारलं. नाही म्हणणं म्हणजे आपलं प्रेस शेजाऱ्याच्या गळ्यात मारणं, आणि घरात काय चाललंय ते चारचौघांत उघडं करणं. त्यापेक्षा "झाली" म्हणून मोकळं व्हावं. बाबांनाही ते ठाऊक होतं. ते उत्तर ऐकतच नसत, ते आवाज ऐकत.

हे मला तेव्हा कळलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मी चार बुकं जास्त शिकलेली. बाबा निवृत्त झाले, फोरमन हे पद गेलं आणि त्याच जागी खातेप्रमुख म्हणून मी आले. समोर सगळे मला मॅडम म्हणत, पाठीमागे धाकटे फोरमन. दोन्ही मला ऐकू यायचं आणि दुसरं जास्त आवडायचं, पण तसं दाखवायची सोय नव्हती. माझ्या नाकावर माशी बसत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मी जपली होती.

पहिल्याच वर्षी वरच्या ऑफिसने आम्हा सगळ्या प्रमुखांना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय होता 'उद्याचं नेतृत्व'. शिकवणारा गृहस्थ तरतरीत होता, बूट चकचकीत. तो म्हणाला की जग झपाट्याने बदलतंय, आणि एका माणसाच्या डोक्यावर चालणारी संस्था त्या माणसाबरोबरच संपते. नेत्याला जे कळतं ते त्याच्या डोक्यातून काढून व्यवस्थेत घाला. मला हे पटलं. खोटं कशाला बोलू, मी भारावून गेले. बाबांच्या डोक्यात काय काय होतं ते मला माहीत होतं, आणि ते त्यांच्याबरोबर जाऊ नये असं मनापासून वाटत होतं.

म्हणून बाबांचा प्रश्न मी व्यवस्थेत घातला. फाटकाशी टॅबलेट बसवला. हजेरी लावायची की पडद्यावर यायचं, 'झोप पूर्ण झाली का?' खाली दोन चौकोन, हिरवा हो, लाल नाही. लाल दाबलं की त्या माणसाला त्या दिवशी प्रेस मिळणार नाही, काम आपोआप बदलेल. कुणी फोरमन नको, कुणाची मर्जी नको. मी फोटो काढून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आणि हे ऐकतं कोण?" मला राग आला. म्हाताऱ्या माणसाला आपली जागा गेल्याचं वाईट वाटतंय, असं मी आईला म्हणाले.

अकरा महिने तो पडदा हिरवा राहिला. चाळीस माणसं, रोज सकाळी, शंभर टक्के हो. वर्षाच्या बैठकीत तो आलेख भिंतभर दाखवला आणि माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. चाळीस संसारांत अकरा महिने एकाही माणसाची एकही झोप मोडली नाही, यावर माझा विश्वास बसला. इंजिनिअर बाईचा!

खात्यात एक रेडिओकाका होते. नाव वेगळं होतं, पण कुणाला आठवत नव्हतं. तोंड बंद म्हणून नाहीच. मी शाळेत असताना बाबांचा डबा घेऊन जायची तेव्हापासून त्यांनी माझे कान खाल्ले होते. बाबा त्यांना झोपेचं विचारायचे तेव्हा ते नुसतं "झाली" कधीच म्हणायचे नाहीत. "झाली फोरमन, आणि स्वप्नात तुम्ही लुगडं नेसून आला होतात," असलं काहीतरी असायचं आणि अख्खी रांग खिदळायची. गेल्या दोन वर्षांपासून काकूंचा विसरभोळेपणा वाढला होता. अपरात्री उठून त्या दार उघडायच्या आणि माहेरी निघायच्या. काका दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसून राहायचे. हे खात्यात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना माहीत नव्हतं, पण रेडिओ गप्प असला की ते त्याला पॅकिंगला पाठवायचे.

त्या मंगळवारी मी फाटकाशीच उभी होते. फोनवर वरच्या ऑफिसशी पत्र्याच्या जाडीवरून माझी हुज्जत चालली होती. काका आले, त्यांनी हिरवा चौकोन दाबला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवून आत गेले. एक शब्द नाही. आणि मला काय वाटलं ते मी सांगणार आहे, कारण ते कुठल्याच रिपोर्टात नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज कान वाचले.

साडेनऊला बारा नंबरच्या प्रेसवर त्यांचा डोळा लागला. ते प्रेस पायाने चालवायचं. पाय पेडलवर पडला तेव्हा उजवा हात साच्यातच होता. चार बोटं गेली. मी पोचले तेव्हा कुणीतरी मशीन बंद केलं होतं आणि काका स्टुलावर बसून शेजारच्या प्रेसवरच्या बाईला सांगत होते की माझ्या घरी कळवू नका, ती घाबरेल आणि मला शोधायला बाहेर पडेल.

चौकशीला वरून तिघे आले. त्यांना पाच मिनिटं लागली. पडद्यावर त्या दिवसाची नोंद होती: सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, हो. कामगाराने खोटी माहिती दिली. खोटी माहिती दिल्यास नोकरीवरून कमी करावं, हा नियम टॅबलेट बसवताना मीच मसुद्यात घातला होता, शिस्त यावी म्हणून. म्हणजे बोटं तर गेलीच, आता एकतीस वर्षांची नोकरी जाणार, आणि वर खोटारडा हा शिक्का.

घरी येऊन मी बाबांसमोर बसून सगळं लिहून काढलं. प्रश्न माझा, नियम माझा, त्या खात्यात हो या शब्दाला काहीही अर्थ नाही हे न कळण्याची चूक माझी, आणि समोरून गप्प गेलेल्या माणसाला न थांबवण्याची चूकही माझीच. कामगाराचा काही दोष नाही, त्याला कामावर ठेवा, बसून करायचं काम द्या. तो दिवस बाबांनी जिंकला होता असं कुणालाही वाटलं असतं, पण ते रडत होते.

तो कागद घेऊन मी वरच्या ऑफिसात गेले. मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि फाइलीतून दुसरा एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तो काकांचा जबाब होता, आदल्या दिवशी दिलेला. झोप झालेली नसताना मी हो दाबलं, असं त्यात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की मॅडमनी मला फाटकाशी थांबवून दोनदा विचारलं, तेव्हाही मी खोटंच सांगितलं. मॅडमचा काही दोष नाही. खाली सही होती, डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या पोराने गिरवावी तशी.

मी म्हणाले, हे खरं नाही, मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "त्या माणसाला तुम्ही आता पुन्हा खोटं पाडणार आहात का?"

माझा कागद त्यांनी फाइलीत नीट लावून ठेवला आणि म्हणाले की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. मग त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि आणखी एक गोष्ट सांगितली. माझी पद्धत आता सातही कारखान्यांत जाणार होती. कामाची वाटणी इथून, एका पडद्यावरून होईल. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून खातेप्रमुख हे पद राहणार नाही, कुठेच नाही. मला मात्र त्यांनी विसरलेलं नव्हतं. मी गावोगाव फिरून ती पद्धत शिकवायची. "तुम्ही काळाच्या पुढे होतात," ते म्हणाले. हे ते खरोखर कौतुकाने म्हणाले.

त्या खोलीत मी नाही म्हणाले नाही. जिना उतरताना म्हणाले, तिथे ऐकायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी नकार लेखी कळवला, पण ते काही धाडस नव्हे.

साहेबांच्या ऑफिसातून मी सरळ काकांकडे गेले. दुपारची वेळ होती. दोन खोल्यांचं घर, दाराला आतून वर उंचावर नवी कडी. काकू खिडकीशी बसून एकच टॉवेल घडी करत होत्या, उलगडत होत्या. काकांचा हात कोपरापर्यंत बांधलेला, उशीवर ठेवलेला. मी भांडायच्याच तयारीने गेले होते. विचारलं, असा जबाब का दिलात, मी तुम्हाला कधी थांबवलं होतं?

ते म्हणाले, "बोटं गेली पोरी, मी जाणारच होतो. एकाने जायचं ते एकानेच जावं."

मी म्हणाले की लोक तुम्हाला खोटारडे म्हणतील. ते हसले. म्हणाले, एकतीस वर्षं मी बडबड्या होतो, थोडं बदलून बघू दे त्यांना. मग हसणं थांबवून जरा पुढे झुकले.

"तू तिथे राहिलीस हे महत्त्वाचं. त्या चाळीस जणांकडे बघणारं कुणीतरी माणूस पाहिजे. तुला अजून जमत नाही, पण येईल. कागद आहे का? लिहून घे."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पर्समधून वही काढली.

पडल्या पडल्या त्यांनी सगळ्या रांगेचा विचार करून ठेवला होता. चष्मेवाल्याला बारीक झाकणांवर बसवू नकोस, त्याला लांबचं दिसतं, जवळचं नाही, आणि तो ते लपवतो. ते दोघे मेहुणे एकमेकांशी बोलेनासे झाले की त्यांना शेजारी ठेवू नकोस, रागारागाने पेडल दाबतात. कोपऱ्यातला मौनीबाबा कधी विनोद करत नाही. ज्या दिवशी करेल त्या दिवशी समज की घरी काहीतरी बिनसलंय. सात नंबरच्या प्रेसवरची बाई, तिचा मुलगा परीक्षेला बसला की पंधरा दिवस धड जेवत नाही, तिला चक्कर येते, विचारलं तर उखडते, म्हणून विचारू नकोस, नुसतं स्टूल सरकव. असे एकेक करत ते एकोणचाळीस जणांपर्यंत आले. कुणालाही सोडलं नाही. मध्ये दोनदा कळ आली तेव्हा डोळे मिटून थांबले, मी पेन धरून बसले.

शेवटी ते म्हणाले, "आता वाचून दाखव बघू."

पुढच्या महिन्यापासून ही वही घेऊन त्या रांगेतून चालणारं कुणीही नसणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते. परीक्षेवाल्या बाईपाशी त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"सात काय लिहिलंस? सात माझ्या तोंडून चुकून गेलं, ती नऊवर बसते. लक्ष दे पोरी, माणसाच्या जिवाशी गाठ आहे."

मी सात खोडलं आणि नऊ लिहिलं.