वाघिणीचा फोटो

मामा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा, पण स्वतःच्या भाचरांकडे मात्र तो दाजींच्याच नजरेने बघत आला होता. दाजींनी थोरलीचं नाव ठेवलं होतं वाघीण आणि धाकट्याचं ससा. ती बारा वर्षांची, माकडासारखी झाडावर चढणारी. तो नऊ वर्षांचा, अंधारात पाणी प्यायलाही न जाणारा. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे पुराण एकदा तरी ऐकावंच लागे.

सुट्टीत ताई-दाजींना घर बदलायचं होतं. सामानाच्या गडबडीत पोरं पायात येतील म्हणून मामा त्यांना दोन दिवस थीम पार्कला घेऊन गेला. निघताना दाजी म्हणाले, "सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरवर वाघिणीला बसव आणि फोटो पाठव. ऑफिसात दाखवायचाय. सशाला खाली आइस्क्रीम दे, म्हणजे रडणार नाही."

ससा म्हणाला, मीपण रांगेत येतो. येऊ दे, फाटकातून परत फिरेल, असं मामाला वाटलं. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वरून डबे खाली कोसळले की माणसांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. वाघीण आधी खूप बोलत होती, मग थोडं, मग काहीच नाही. त्यांची पाळी आली तसा ससा टुणकन डब्यात जाऊन बसला. वाघीण फाटकाशीच थांबली.

"मामा, मला नाही जमणार."

"अगं, तू तर..." म्हणता म्हणता मामा थबकला. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"लवकर ठरवा," फाटकावरचा माणूस म्हणाला.

"तू जा त्याच्याबरोबर, मी त्या बाकावर बसते. पण बाबांना सांगू नकोस. शब्द दे."

मामाने शब्द दिला. घाईत दिलेले शब्दच पुढे गळ्याशी येतात, पण हे त्या वेळी कोणाला सुचतं? डब्यात बसला तरी त्याचा अर्धा जीव बाकाकडे, अर्धा शेजारी. शेजारी ससा दोन्ही हात वर करून हसत होता. मामाने मात्र डोळे घट्ट मिटून घेतले होते, हेही सांगून टाकलेलं बरं.

खाली उतरल्यावर "परत जाऊया?" म्हणत ससा बाकाकडे धावला आणि बहिणीचे लाल डोळे बघून गप्प झाला. नुसता तिच्या शेजारी बसून राहिला.

संध्याकाळी खोलीवर दाजींचा फोन आला. मामाने तो स्पीकरवर टाकला.

"काय रे, माझ्या वाघिणीचा फोटो कुठाय?"

खरं सांगावं तर शब्द मोडतो, खोटं बोलावं तर जीभ वळत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात ससाच बोलला, "बाबा, मी घाबरलो. म्हणून ताईला माझ्याजवळ थांबावं लागलं."

दाजी खो खो हसले. "वाटलंच मला. ससा तो ससाच."

"हो," ससा म्हणाला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

मामाला भडभडून आलं. दिवसभरात कमावलेलं सगळं त्या पोराने एका वाक्यात देऊन टाकलं होतं, आणि आपण मोठे असून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय, याची त्याला लाज वाटली.

वाघीण केस पुसत होती. तिचा हात थांबला. टॉवेल खुर्चीवर टाकून ती आली आणि तिने फोन हातात घेतला.

"बाबा, त्याला ससा म्हणू नका."

"का गं?"

तिने भावाकडे पाहिलं. तो मान हलवून नको, नको म्हणत होता. तिचे ओठ फाटकाशी झाले होते तसेच पांढरे झाले. पण या वेळी ती मागे फिरली नाही.

"तो बसला होता," ती म्हणाली. "मी नाही बसले."